अमाइनचं नाव लिहिताना आधी नायट्रोजनकडे बघा

दहावीच्या विज्ञानात आययूपॅकच्या, म्हणजे रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, नामकरणाची तोंडओळख होते. मिथेन, इथेन, प्रोपेन पाठ होतात, अल्कोहोलला शेवटी 'ऑल' लावायचं हे अंगवळणी पडतं. अकरावीत विज्ञान शाखेला पुस्तकं इंग्रजीतून सुरू होतात आणि बारावीत अमाइनचा, म्हणजे अमोनियापासून बनणाऱ्या नायट्रोजनयुक्त संयुगांचा, धडा आला की मराठी माध्यमातून आलेल्या हुशार मुलांचीही गाडी अडते. 'एन-मिथाइल' मधला 'एन' कुठून आला? टर्शरी (म्हणजे तृतीयक) ब्युटाइलामाइन प्राथमिक कसं? एकाच बाटलीला तीन पुस्तकांत तीन नावं का? त्यांच्यासाठी, आणि पुन्हा नव्याने रसायनशास्त्र शिकायला बसलेल्या कुणासाठीही, हा लेख आहे. कागद-पेन्सिल जवळ ठेवा. प्रत्येक नावाची रचना काढत वाचलंत तरच हे हाताला लागेल.

अडचणीचं मूळ एकच आहे. आतापर्यंतच्या सगळ्या नामकरणात आपण कार्बनची साखळी बघून सुरुवात करतो. अमाइनमध्ये सुरुवात नायट्रोजनपासून करायची. नायट्रोजनला किती कार्बन जोडलेत हे मोजल्याशिवाय साखळीकडे वळायचंच नाही. ही एक सवय लागली की निम्म्याहून जास्त चुका आपोआप थांबतात.

पहिलं काम: नायट्रोजनचे कार्बन मोजा

अमोनियामध्ये नायट्रोजनला तीन हायड्रोजन असतात. त्यातला एक काढून कार्बनचा गट बसवला की प्राथमिक अमाइन, दोन बदलले की द्वितीयक, तिन्ही बदलले की तृतीयक. हे नुसतं पुस्तकी वर्गीकरण नाही. १८४९ साली फ्रान्समध्ये वुर्ट्झ यांनी मिथाइलामाइन आणि इथाइलामाइन तयार केली. पाठोपाठ हॉफमान यांनी लंडनमध्ये काम करताना अमोनियाचे हायड्रोजन एकामागून एक बदलून दाखवले आणि अमाइन म्हणजे अमोनियाचीच भावंडं हे पक्कं झालं.

आता सापळा. अल्कोहोलचं प्राथमिक, द्वितीयक, तृतीयक हे ओएच ज्या कार्बनवर बसलाय त्या कार्बनवरून ठरतं. अमाइनचं नायट्रोजनवरून ठरतं. चार कार्बनचा टर्शरी ब्युटाइल गट घ्या: मधल्या कार्बनला तीन मिथाइल. त्याला ओएच जोडला तर तृतीयक अल्कोहोल. त्याच जागी एनएच२ जोडला तर प्राथमिक अमाइन, कारण नायट्रोजनला एकच कार्बन भेटलाय आणि दोन हायड्रोजन शाबूत आहेत. नावातला 'टर्शरी' हा शब्द कार्बनच्या गटाबद्दल बोलतो, अमाइनबद्दल नाही. आयसोप्रोपाइलामाइनचंही तसंच, तेही प्राथमिकच.

मोजणी करताना आणखी एक गोष्ट तपासून घ्या. नायट्रोजनला जोडलेल्या कार्बनवर दुहेरी बंधाने ऑक्सिजन आहे का? असेल तर ते अमाइन नव्हे, अमाइड. तापावर घेतो त्या पॅरासिटामॉलमध्ये नायट्रोजन आहे, त्याला बेंझीनचं वलयही जोडलंय, पण दुसऱ्या बाजूच्या कार्बनवर दुहेरी बंधाचा ऑक्सिजन असल्यामुळे त्याचं नाव एन-(४-हायड्रॉक्सिफिनाइल)ॲसिटामाइड असं 'अमाइड'ने संपतं. कार्बन आणि नायट्रोजन यांच्यातच दुहेरी बंध असेल तर इमाइन, तिहेरी असेल तर नायट्राइल. हे तिन्ही बाजूला काढले की जे उरतं त्याचं आज नाव ठेवायचंय.

रूढ नावं

ही सोपी आहेत. नायट्रोजनला जोडलेल्या गटांची नावं इंग्रजी वर्णक्रमाने लिहा, शेवटी 'अमाइन' लावा, आणि सगळं एका शब्दात ठेवा. मिथाइलामाइन, डायमिथाइलामाइन, ट्रायमिथाइलामाइन, इथाइलमिथाइलामाइन. वर्णक्रमात डाय, ट्राय हे संख्यावाचक उपसर्ग धरायचे नाहीत. इथाइल आधी, मिथाइल नंतर. सेकंडरी आणि टर्शरी हेही वर्णक्रमात धरत नाहीत, 'आयसो' मात्र धरतात.

बाजारात, औषधांच्या दुकानात, कारखान्याच्या पिंपावर हीच नावं दिसतात. त्यामुळे ती टाकाऊ समजू नका. पण साखळी लांबली, फांद्या फुटल्या की ती तोकडी पडतात. तिथून पुढे आययूपॅक.

प्राथमिक अमाइनचं आययूपॅक नाव

एनएच२ ज्या कार्बनवर आहे तो कार्बन ज्यात येतो अशी सर्वांत लांब साखळी शोधा. त्या साखळीच्या अल्केनचं नाव घ्या आणि त्याला 'अमाइन' हा प्रत्यय जोडा. एक कार्बन असेल तर मिथेनामाइन, दोन असतील तर इथेनामाइन. तीन कार्बनपासून जागा सांगावी लागते: एनएच२ टोकाला असेल तर प्रोपेन-१-अमाइन, मधल्या कार्बनवर असेल तर प्रोपेन-२-अमाइन.

'तो कार्बन ज्यात येतो' हे शब्द घाईत निसटतात. एक रचना काढा. सात कार्बनची सरळ साखळी, तिच्या बरोबर मधल्या म्हणजे चौथ्या कार्बनवर एक सीएच२ आणि त्याच्या टोकाला एनएच२. डोळे आपसूक सातच्या साखळीकडे जातात आणि हात हेप्टेन लिहायला लागतो. पण एनएच२चा कार्बन त्या सातांत नाही. त्याला धरून मोजलं तर पाचच कार्बनची साखळी मिळते, आणि नाव होतं २-प्रोपाइलपेंटेन-१-अमाइन. लांबी नंतर, अमाइनचा कार्बन आधी.

क्रमांक देताना अमाइनच्या कार्बनला शक्य तितका लहान आकडा मिळाला पाहिजे. पाच कार्बनची साखळी घ्या. एका टोकाकडून दुसऱ्या कार्बनवर एनएच२ आणि दुसऱ्या टोकाकडून दुसऱ्या कार्बनवर मिथाइल. कुठूनही मोजा, आकडे २ आणि ४ च येतात. अशा वेळी २ हा आकडा अमाइनला जातो: ४-मिथाइलपेंटेन-२-अमाइन. दुहेरी बंध असला तरी मान अमाइनलाच. तीन कार्बन, एका टोकाला एनएच२, दुसऱ्या टोकाला दुहेरी बंध, म्हणजे ज्याला अलाइलामाइन म्हणतात ते, आययूपॅकमध्ये प्रोप-२-ईन-१-अमाइन होतं. क्लोरीन, ब्रोमीन, नायट्रो यांना तर कधीच प्रत्यय मिळत नाही, ते नेहमी पुढे उपसर्ग म्हणून येतात: २-क्लोरोइथेन-१-अमाइन.

देवनागरीत लिहिताना एक गोष्ट लपते आणि पेपर इंग्रजीत लिहिताना ती गुण घालवते. प्रोपेनच्या इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी 'ई' असतो. अमाइन स्वराने सुरू होतो म्हणून तो 'ई' गाळायचा, मध्ये आकडा आला तरी गाळायचा. पण एनएच२ दोन असतील तर प्रत्यय 'डायअमाइन' होतो, तो व्यंजनाने सुरू होतो, आणि तिथे 'ई' जागेवर राहतो. इथेन-१,२-डायअमाइन लिहिताना 'ई' ठेवा, इथेनामाइन लिहिताना काढा. मिथेनामाइनच्या स्पेलिंगमध्ये तर आणखी जपा. मधल्या 'ए'च्या जागी 'ई' पडला तर ते मूत्रमार्गाच्या संसर्गावर देतात त्या औषधाचं नाव होतं, आणि त्याच्या रेणूत सहा कार्बन आणि चार नायट्रोजन असतात.

जुन्या पुस्तकांत २-प्रोपेनामाइन असं, आकडा सगळ्यात पुढे ठेवून लिहिलेलं दिसेल. ते चुकीचं नाही, ती आधीची पद्धत आहे. १९९३च्या आययूपॅक मार्गदर्शिकेपासून आकडा ज्याचा आहे त्याच्या लगेच आधी लिहितात. आता शिकताय तर नवीन पद्धतच हातात बसवा, पण जुनी बघून गोंधळू नका.

'एन' म्हणजे काय, आणि तो कधी लिहायचा

इथे मी सावकाश जाणार आहे, कारण धड्याचा जीव इथे आहे.

द्वितीयक आणि तृतीयक अमाइनमध्ये नायट्रोजनला दोन किंवा तीन गट असतात. त्यातला सर्वांत मोठा गट मूळ साखळी ठरतो, त्याला 'अमाइन' प्रत्यय लागतो. बाकीचे गट उरतात. त्यांची जागा सांगायची कशी? कार्बनना १, २, ३ असे आकडे आहेत, नायट्रोजनला आकडा नाही. म्हणून त्याचं चिन्हच क्रमांकासारखं वापरायचं. '२-मिथाइल' म्हणजे दुसऱ्या कार्बनवर मिथाइल, तसं 'एन-मिथाइल' म्हणजे नायट्रोजनवर मिथाइल. एवढाच त्याचा अर्थ. इंग्रजीत हा 'एन' नेहमी मोठ्या लिपीत, छापील पुस्तकात तिरका.

एक उदाहरण पूर्ण करू. नायट्रोजनला तीन गट आहेत: एक मिथाइल, एक इथाइल, एक सरळ प्रोपाइल. हायड्रोजन एकही नाही, म्हणजे तृतीयक. सर्वांत मोठा गट प्रोपाइल. तो टोकाच्या कार्बनने जोडलाय, म्हणून मूळ नाव प्रोपेन-१-अमाइन. उरले इथाइल आणि मिथाइल, दोघेही नायट्रोजनवर. वर्णक्रमाने इथाइल आधी. नाव झालं एन-इथाइल-एन-मिथाइलप्रोपेन-१-अमाइन. 'एन' दोनदा लिहायचा, कारण गट दोन आहेत आणि प्रत्येकाला आपापला पत्ता हवा. दोन्ही गट एकच असते तर एन,एन-डायमिथाइल असं एकत्र लिहिलं असतं, पण तिथेही 'एन' दोनदाच. एन-डायमिथाइल असं लिहिलेलं मला उत्तरपत्रिकांत फार दिसतं. 'डाय' म्हटलं की दोन पत्ते आलेच पाहिजेत, आकड्यांच्या बाबतीत जसं २,२-डायमिथाइल लिहितो तसं.

आता जरा गुंतलेलं. चार कार्बनचा आयसोब्युटाइल गट आणि एक मिथाइल, दोन्ही नायट्रोजनला जोडलेले. मूळ साखळी तीन कार्बनची, दुसऱ्या कार्बनवर एक मिथाइलची फांदी, आणि नायट्रोजनवर दुसरा मिथाइल. दोन मिथाइल आहेत, एक नायट्रोजनवर, एक दुसऱ्या कार्बनवर. नाव: एन,२-डायमिथाइलप्रोपेन-१-अमाइन. अक्षर आधी, आकडा नंतर, मध्ये स्वल्पविराम. हे नाव पहिल्यांदा बघताना विचित्र वाटतं, पण ते किती नेमकं आहे बघा. कुणी तुम्हाला फोनवर एवढं नाव सांगितलं तर तुम्ही ती रचना न चुकता काढू शकता.

म्हणूनच उलटा सराव करा. नावावरून रचना काढताना आधी शेवटचा प्रत्यय बघा, मग मूळ साखळी काढा, मग एनएच२ बसवा, आणि शेवटी प्रत्येक 'एन' उपसर्गासाठी नायट्रोजनवरचा एक हायड्रोजन काढून तिथे तो गट लावा. एन-मिथाइलइथेनामाइन: इथेनचे दोन कार्बन, टोकाला एनएच२, एक हायड्रोजन काढा, मिथाइल लावा. एन,एन-डायमिथाइलमिथेनामाइन: हेच ते ट्रायमिथाइलामाइन. मूळ साखळीच एका कार्बनची असल्यामुळे नाव लांबलचक दिसतं, पण नियम तोच.

ॲनिलीन आणि त्याची मंडळी

बेंझीनच्या वलयावर थेट एनएच२ असेल तर ते ॲनिलीन. नियमाने नाव बेंझीनामाइन व्हायला हवं आणि काही सूचींमध्ये ते तसंच छापतात, पण आययूपॅकने ॲनिलीन हे नाव राखून ठेवलंय, २०१३च्या शिफारशींत तर तेच पसंतीचं नाव आहे. त्यामागे इतिहास आहे. १८२६ साली उन्फरडॉर्बेन यांना निळीच्या ऊर्ध्वपातनातून एक पदार्थ मिळाला, त्यांनी त्याला क्रिस्टॅलिन म्हटलं. १८३४ मध्ये रुंगे यांना कोळशाच्या डांबरातून एक पदार्थ मिळाला, त्याचं नाव त्यांनी कायनॉल ठेवलं. १८४० मध्ये फ्रित्शे यांनी निळीवर कॉस्टिक पोटॅशची क्रिया करून जे मिळवलं त्याला ॲनिलीन म्हटलं, आणि १८४२ मध्ये रशियात झीनिन यांनी नायट्रोबेंझीनपासून बनवलेल्या पदार्थाला बेंझिडाम. चार नावं, चार शास्त्रज्ञ. १८४३ मध्ये हॉफमान यांनी दाखवून दिलं की हे चारही एकच संयुग आहे. एका रेणूला एक नाव का लागतं, याचं यापेक्षा बोलकं उदाहरण मला माहीत नाही. सेंद्रिय संयुगांच्या नावांसाठी जिनीव्हामध्ये आंतरराष्ट्रीय परिषद भरायला मात्र १८९२ उजाडलं, आणि आययूपॅकची स्थापना १९१९ची.

ॲनिलीनमध्ये एनएच२चा कार्बन नेहमी क्रमांक १. तो लिहायचा नाही, गृहीत धरायचा. बाकीच्यांना लहानात लहान आकडे द्या: ३-ब्रोमोॲनिलीन, २,४,६-ट्रायब्रोमोॲनिलीन. ऑर्थो, मेटा, पॅरा ही जुनी पद्धत. आययूपॅकमध्ये त्यांच्या जागी २, ३, ४.

आता ही कसोटी घ्या. सी७एच९एन हे रेणुसूत्र आहे आणि त्यात बेंझीनचं वलय आहे. किती अमाइन निघतील? पाच. वलयावर एनएच२ आणि शेजारी मिथाइल असेल तर २-मिथाइलॲनिलीन, एक सोडून असेल तर ३-मिथाइलॲनिलीन, समोर असेल तर ४-मिथाइलॲनिलीन. या तिघांना रूढ भाषेत टोल्युइडीन म्हणतात. मिथाइल वलयावर नसून नायट्रोजनवर असेल तर एन-मिथाइलॲनिलीन. आणि एनएच२ वलयावर नसून मिथाइलच्या कार्बनवर असेल तर फिनाइलमिथेनामाइन, म्हणजेच बेंझाइलामाइन. पहिली तीन प्राथमिक, चौथं द्वितीयक, पाचवं पुन्हा प्राथमिक पण ॲनिलीनच्या कुळातलं नाही, कारण नायट्रोजन वलयाला भिडलेला नाही. हा फरक आम्लारीधर्मातही दिसतो: बेंझाइलामाइन ॲनिलीनपेक्षा बरंच प्रबळ आम्लारी आहे, कारण ॲनिलीनच्या नायट्रोजनची एकाकी, म्हणजे बंधात न गुंतलेली, इलेक्ट्रॉन जोडी वलयाकडे ओढली जाते. १८५६ साली लंडनमध्ये अठरा वर्षांच्या पर्किन यांनी ॲनिलीनपासून जांभळा रंग, मॉव्ह, बनवला. त्या ॲनिलीनमध्ये टोल्युइडीनची भेसळ नसती तर तो रंग मिळालाच नसता. एका मिथाइलची जागा एवढा फरक पाडते.

नायट्रोजनला वलय आणि साखळी दोन्ही जोडलेली असतील तर वलय मूळ धरा: एन-इथाइलॲनिलीन, एन,एन-डायमिथाइलॲनिलीन. वलयावर दोन एनएच२ असतील तर बेंझीन-१,४-डायअमाइन असं. केसांच्या कलपाच्या खोक्यावर पी-फिनायलीनडायअमाइन लिहिलेलं असतं ते हेच, आणि काहींच्या त्वचेला त्याची ॲलर्जी येते म्हणून आधी थोडं लावून बघायची सूचनाही तिथेच असते.

अमाइनला मागे हटावं लागतं तेव्हा

एका रेणूत दोन क्रियात्मक गट असतील तर शेवटचा प्रत्यय एकालाच मिळतो. मानाची उतरंड अशी: कार्बॉक्सिलिक आम्ल, एस्टर, अमाइड, नायट्राइल, अल्डिहाइड, कीटोन, अल्कोहोल, आणि त्यांच्यानंतर अमाइन. यातलं वरचं कुणीही हजर असेल तर अमाइन प्रत्यय सोडतो आणि 'अमिनो' हा उपसर्ग होऊन पुढे येतो. दोन कार्बन, एका टोकाला ओएच, दुसऱ्या टोकाला एनएच२: २-अमिनोइथेन-१-ऑल. बेंझीनवर ओएच आणि समोर एनएच२: ४-अमिनोफिनॉल, ज्याच्यापासून पॅरासिटामॉल बनवतात. ग्लायसीन म्हणजे २-अमिनोइथेनॉइक आम्ल. प्रथिनांच्या घटकांना आपण 'अमिनो आम्ल' म्हणतो त्यातही हाच क्रम आहे, आम्ल शेवटी, अमाइन पुढे. एस्टरचं उदाहरण हवं तर इथाइल ४-अमिनोबेंझोएट घ्या. तोंड बधिर करणाऱ्या जेलमध्ये असतं ते बेंझोकेन.

इथे 'एन'चं काय होतं? अमाइन प्रत्यय असेपर्यंत नायट्रोजनवरच्या गटांना 'एन' लागतो. अमाइन उपसर्ग झाला की नायट्रोजन आणि त्याचे गट मिळून एकच उपसर्ग बनतो, तो कंसात जातो, 'एन' जातो. २-(मिथाइलअमिनो)इथेन-१-ऑल. इथे एन-मिथाइल-२-अमिनोइथेनॉल असं लिहू नका.

दोन नावं शेजारी ठेवतो, दोन्ही आपल्या शरीरातली. नॉरॲड्रिनलिन: ४-(२-अमिनो-१-हायड्रॉक्सिइथाइल)बेंझीन-१,२-डायऑल. ॲड्रिनलिन: ४-[१-हायड्रॉक्सि-२-(मिथाइलअमिनो)इथाइल]बेंझीन-१,२-डायऑल. घाबरून जाऊ नका, शेवटून वाचा. बेंझीनवर शेजारी शेजारी दोन ओएच. वलयाच्या चौथ्या कार्बनवर दोन कार्बनची शेपटी. शेपटीच्या पहिल्या कार्बनवर ओएच, दुसऱ्यावर नायट्रोजन. फरक फक्त नायट्रोजनवरच्या एका मिथाइलचा. कंसातला मजकूर वर्णक्रमात आपल्या पहिल्या अक्षराने उभा राहतो, म्हणून पहिल्या नावात अमिनो आधी आणि दुसऱ्यात हायड्रॉक्सि आधी.

क्षार

अमाइन आम्लारी असल्यामुळे आम्लाशी क्षार बनवतात. नायट्रोजनला चौथा बंध मिळतो, धन प्रभार येतो, आणि अमाइनचं 'अमोनियम' होतं. मिथाइलामाइन आणि हायड्रोक्लोरिक आम्ल मिळून मिथाइलअमोनियम क्लोराइड. आययूपॅकमध्ये मिथेनामिनियम क्लोराइड. ॲनिलीनपासून ॲनिलिनियम क्लोराइड. औषधविक्रेत्याकडे याच प्रकारच्या क्षाराला 'हायड्रोक्लोराइड' म्हणतात. खोकल्याच्या बाटलीवर ॲम्ब्रॉक्सॉल हायड्रोक्लोराइड लिहिलेलं असतं, कारण अमाइनपेक्षा त्याचा क्षार पाण्यात चांगला विरघळतो.

समुद्राचे मासे शिळे होताना जीवाणू त्यांच्यातल्या ट्रायमिथाइलामाइन ऑक्साइडचं ट्रायमिथाइलामाइन करतात. ते सुमारे ३ अंश सेल्सिअसलाच उकळतं, म्हणून घरभर वास सुटतो. कोकणात माशाला कोकम, चिंच, लिंबू लागतं त्यात चवीइतकंच रसायनही आहे: आम्लाने त्याचं ट्रायमिथाइलअमोनियम क्षारात रूपांतर होतं, क्षार हवेत उडत नाही आणि वास बसतो.

नायट्रोजनला चारही जागी कार्बन असतील तर तो चतुर्थक अमोनियम क्षार: टेट्रामिथाइलअमोनियम आयोडाइड. त्याच्याकडे एकाकी जोडी उरलेली नसते, त्यामुळे त्याला अमाइन म्हणायचंच नाही.

उरलेलं थोडक्यात

दोन टोकांना दोन एनएच२ असले की डायअमाइन. हेक्झेन-१,६-डायअमाइन हा नायलॉन-६,६ चा अर्धा भाग. त्यातला एक सहा याच सहा कार्बनचा. कुजक्या मांसाच्या वासात असतात ती पुट्रेसीन आणि कॅडाव्हरीन म्हणजे ब्युटेन-१,४-डायअमाइन आणि पेंटेन-१,५-डायअमाइन.

नायट्रोजन स्वतःच वलयात असेल तर 'अमाइन' प्रत्यय लागत नाही. पिरिडीन, पिपेरिडीन, पायरोलिडीन, मॉर्फोलीन ही राखून ठेवलेली नावं पाठच करावी लागतात. पिरिडीन, पिपेरिडीन आणि पायरोलिडीनमध्ये नायट्रोजनला क्रमांक १ मिळतो, म्हणून १-मिथाइलपिपेरिडीन, तिथे 'एन' नको. मॉर्फोलीनच्या वलयात ऑक्सिजनही असतो आणि क्रमांक १ त्याला जातो, नायट्रोजनला ४.

सराव

सी४एच११एन या रेणुसूत्राची सगळी अमाइन काढा आणि नावं द्या. खाली बघण्याआधी स्वतः करा, आणि पद्धत एकच ठेवा: आधी सगळी प्राथमिक, मग द्वितीयक, मग तृतीयक. साखळ्या इकडून तिकडे फिरवत बसलात तर तीच रचना दोनदा येईल.

प्राथमिक चार आहेत: ब्युटेन-१-अमाइन, ब्युटेन-२-अमाइन, २-मिथाइलप्रोपेन-१-अमाइन, २-मिथाइलप्रोपेन-२-अमाइन. शेवटचं म्हणजे सुरुवातीचं टर्शरी ब्युटाइलामाइन. द्वितीयक तीन: एन-मिथाइलप्रोपेन-१-अमाइन, एन-मिथाइलप्रोपेन-२-अमाइन, एन-इथाइलइथेनामाइन. तृतीयक एकच: एन,एन-डायमिथाइलइथेनामाइन. एकूण आठ समघटक. नऊ आले असतील तर एखादं दोनदा मोजलंय, सात आले असतील तर बहुतेक एन-मिथाइलप्रोपेन-२-अमाइन राहिलंय.

हे जमलं की दातांच्या डॉक्टरकडे टोचतात त्या लिग्नोकेनचं नाव घ्या: २-(डायइथाइलअमिनो)-एन-(२,६-डायमिथाइलफिनाइल)ॲसिटामाइड. शेवटी अमाइड, म्हणजे दोन कार्बनचा ॲसिटामाइड मूळ. त्या अमाइडच्या नायट्रोजनवर, म्हणजे 'एन'वर, एक वलय, वलयावर दोन मिथाइल. साखळीच्या दुसऱ्या कार्बनवर आणखी एक नायट्रोजन, त्याला दोन इथाइल. त्या दुसऱ्या नायट्रोजनचे कार्बन मोजा: दोन इथाइलचे आणि एक साखळीचा, म्हणजे तृतीयक अमाइन. इंजेक्शनच्या बाटलीवर लिग्नोकेन हायड्रोक्लोराइड लिहिलेलं असतं, त्यातला हायड्रोजन याच नायट्रोजनवर बसलेला असतो. अमाइडचा नायट्रोजन त्याला धरत नाही.

रचना काढलीत का? आता तिच्यावरून, वरचं नाव झाकून, पुन्हा नाव लिहून बघा.